झुरिक–मिलान : सव्वातीन तासांचा हिशेब

युरोपच्या सहलीची आखणी करताना झुरिक आणि मिलान ही दोन नावं हमखास शेजारी येतात. स्वित्झर्लंड संपवून इटलीत उतरायचं, तर हाच सरळ रस्ता. मग फोनवर विचारणा होते : या दोन शहरांमधलं अंतर किती? एक संकेतस्थळ 218 किलोमीटर सांगतं, दुसरं 280. वेळ विचारली तर विमानाची पंचावन्न मिनिटं, आगगाडीचे सव्वातीन तास, मोटारीचे साडेतीन. यातला कुठलाच आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या ठिकाणी मोजायला सुरुवात करतो आणि वेगळ्या ठिकाणी थांबतो, एवढंच. म्हणून हे आकडे तयार कसे होतात ते एकदा सावकाश पाहू. एका जोडीचा हिशेब नीट कळला, की कुठल्याही दोन शहरांचा करता येतो.

सरळ रेषेतलं अंतर

218 हा आकडा सरळ रेषेतल्या अंतराचा. तो काढायला उपग्रह लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते.

झुरिकचं मुख्य स्थानक साधारण 47.38 अंश उत्तर अक्षांशावर आणि 8.54 अंश पूर्व रेखांशावर आहे. मिलानचं मध्यवर्ती स्थानक 45.49 अंश उत्तर आणि 9.20 अंश पूर्व. अक्षांशांतला फरक 1.89 अंशांचा. अक्षांशाचा एक अंश पृथ्वीवर कुठेही गेलात तरी जवळपास 111 किलोमीटरचाच भरतो. म्हणजे मिलान झुरिकच्या दक्षिणेला सुमारे 210 किलोमीटर.

रेखांशांतला फरक 0.66 अंशांचा. इथे थोडं सांभाळावं लागतं. रेखांशाच्या रेषा विषुववृत्तापाशी लांब-लांब असतात आणि ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंशही 111 किलोमीटरचाच. पण आल्प्सच्या अक्षांशावर, म्हणजे साडेशेहेचाळीस अंशांच्या आसपास, तो आकसून सुमारे 77 किलोमीटरचा होतो. 0.66 ला 77 ने गुणलं की 51 येतात. मिलान झुरिकच्या पूर्वेला एवढं सरकलेलं.

आता काटकोन त्रिकोण तयार झाला : एक बाजू 210, दुसरी 51. पायथागोरसच्या नियमाने तिसरी बाजू 216 किलोमीटर.

मग 218 कुठून आले? तिथे स्थानकांऐवजी शहरांचे मध्यबिंदू धरलेले असतात. मिलानचं प्रसिद्ध कॅथेड्रल मध्यवर्ती स्थानकाच्या नैर्ऋत्येला दोन-अडीच किलोमीटरवर आहे. शेवटचं टोक तिथे नेलं की आकडा वाढतो. शहर म्हणजे टिंब नव्हे, पण नकाशाला टिंब लागतं. ते कुठे ठेवलं यावर शेवटचे दोन-चार किलोमीटर ठरतात.

लांबची शहरं घेतली तर पृथ्वीची गोलाई हिशेबात घ्यावी लागते आणि सूत्र बदलतं. दोन-अडीचशे किलोमीटरपर्यंत शाळेतली ही रीत बेलाशक चालते.

रस्ता लांबतो कशाने

मोटारीने झुरिक ते मिलान सुमारे 280 किलोमीटर. सरळ रेषेतल्या अंतराला 1.3 ने गुणलं तर एवढं होतं. दरम्यान आल्प्सची मुख्य रांग आडवी पडली आहे हे लक्षात घेतलं, तर 1.3 हा गुणक आश्चर्य वाटावा इतका लहान आहे. डोंगराळ मुलखात रस्ता सरळ रेषेच्या दीडपट, दुप्पट सहज होतो. इथे तसं झालं नाही, याचं कारण गॉटहार्ड.

मध्य आल्प्समध्ये उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं तर बहुतेक ठिकाणी दोन-दोन रांगा ओलांडाव्या लागतात : एक चढायची, मधल्या खोऱ्यात उतरायचं आणि पुन्हा दुसरी चढायची. गॉटहार्डपाशी दोन खोरी जवळजवळ पाठीला पाठ लावून बसली आहेत. उत्तरेकडून रॉइस नदीचं खोरं थेट खिंडीच्या पायथ्यापर्यंत येतं आणि पलीकडे तिचिनो नदीचं खोरं तसंच सरळ दक्षिणेला उतरतं. एकदा चढा, एकदा उतरा, झालं. म्हणून 2,106 मीटर उंचीची ही खिंड शेकडो वर्षं उत्तर युरोप आणि लोंबार्दीच्या मैदानामधली वाट राहिली.

अडचण होती ती खिंडीच्या अलीकडे. शोलेनेन नावाच्या घळीत रॉइस उभ्या कड्यांमधून कोसळते. तेराव्या शतकात तिथे पूल बांधला गेला, तेव्हा कुठे ही वाट खऱ्या अर्थाने खुली झाली. असल्या जागी माणसाने पूल बांधला यावर तिथल्या लोकांचाच विश्वास बसेना. पूल पहिल्यांदा ओलांडणाऱ्याचा आत्मा मागून घेऊन सैतानाने तो बांधला आणि गावकऱ्यांनी आधी बोकड सोडून त्याला फसवलं, अशी दंतकथा आहे. चिडलेल्या सैतानाने पूल फोडायला आणलेला म्हणून जो धोंडा दाखवतात, तो 1977 मध्ये मोटाररस्त्याच्या आड आला, तेव्हा स्विस लोकांनी फोडून न टाकता तो अख्खा बाजूला सरकवला.

1842 पासून या घाटातून पाच घोड्यांची टपालगाडी रोज धावू लागली. सरोवराकाठच्या फ्लूएलेन गावाहून निघालेल्या प्रवाशाला कोमोजवळ पोहोचायला जवळजवळ एक अहोरात्र लागायचं, आणि ती त्या काळातली वेगवान सेवा होती. आज हा टप्पा आगगाडीला दोन तासांच्या आसपास पडतो. अंतरात फारशी घट झालेली नाही. बदलली ती चढाई.

चढ : वेळेचा खरा चोर

लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरत नाही तोवरच गाडी चढते. म्हणून आगगाडीला चढ सोसत नाही. मोटार दहा मीटरला एक मीटर चढून जाते. आगगाडीला चाळीस मीटरला एक मीटर चढायचं म्हटलं तरी दम लागतो. बोरघाटात हा चढ 1:37 आहे आणि मालगाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, हे मुंबई-पुणे करणाऱ्याला सांगायला नको. गॉटहार्डच्या जुन्या मार्गावरचा सर्वांत कडक चढही जवळपास तेवढाच आहे आणि तिथेही जड मालगाड्यांना जादा इंजिनं लागत.

बोरघाटात ब्रिटिश अभियंत्यांनी सुरुवातीला उलट दिशेने गाडी काढणारं स्थानक ठेवून चढ जमवला होता. गॉटहार्डच्या अभियंत्यांनी दुसरी युक्ती केली. खोऱ्यात उभा चढ आला की रूळ डोंगराच्या पोटात घालायचे, आत पूर्ण वेटोळं घ्यायचं आणि त्याच जागी, पण वरच्या मजल्यावर बाहेर यायचं. लांबी वाढवली की चढ सौम्य होतो.

हे सगळ्यात चांगलं दिसतं वासेन या गावी. गाव लहान, टेकाडावर पांढरं चर्च. उत्तरेकडून येणाऱ्या गाडीतून ते पहिल्यांदा दिसतं तेव्हा मान वर करून पाहावं लागतं. गाडी बोगद्यात शिरते, वळते, बाहेर येते : चर्च आता जवळपास खिडकीच्या उंचीवर, आणि डब्याच्या दुसऱ्या बाजूला. पुन्हा बोगदा, पुन्हा वळण. तिसऱ्यांदा चर्च खाली, पायाशी. नवखा प्रवासी तीन वेगवेगळी चर्च पाहिली असं समजतो. मधली दहा-बारा मिनिटं गाडी धावत होती, पण मिलानच्या दिशेने ती जेमतेम सरकली होती. ती मिनिटं उंची विकत घेण्यात गेली.

एवढं चढूनही माथा राहतोच. म्हणून ग्योशेनेन ते आयरोलो असा 15 किलोमीटरचा बोगदा खणला गेला. 1872 मध्ये काम सुरू झालं. जिनिव्हाचे कंत्राटदार लुई फाव्र यांनी आठ वर्षांत पूर्ण करून देण्याचा करार केला होता. डायनामाइट तेव्हा नवं होतं. आत हवा कोंदट, उष्णता, घाण पाणी आणि आजार. सुमारे दोनशे मजूर या कामात गेले, त्यांतले बहुतेक इटालियन. 1875 मध्ये परिस्थिती असह्य होऊन त्यांनी संप केला, तेव्हा गोळीबारात चार जण मारले गेले. खुद्द फाव्र 1879 मध्ये बोगद्याच्या आतच कोसळून मरण पावले. पुढल्या वर्षी फेब्रुवारीअखेर दोन्ही बाजू भिडल्या. पडलेल्या भोकातून पलीकडे पहिली पोहोचवली गेली ती फाव्र यांची तसबीर. दोन्ही बाजूंच्या खोदाईत आडवा फरक निघाला अवघा 33 सेंटिमीटरचा.

1882 मध्ये मार्ग खुला झाला आणि टपालगाडीच्या घोड्यांना सुट्टी मिळाली. पण रुळांचा माथा होता 1,151 मीटरवर. झुरिक आहे सुमारे 408 मीटरवर आणि मिलान 120 च्या आसपास. म्हणजे मिलानला जाणारी प्रत्येक गाडी आधी सात-साडेसातशे मीटर वर चढत होती आणि मग हजारावर मीटर खाली उतरत होती. विजेची इंजिनं आली, ताकद वाढली, तरी वळणांवरचा वेग वळणंच ठरवत होती. एकविसाव्या शतकात शिरतानाही झुरिक–मिलान हा प्रवास चार तासांच्या घरातच राहिला.

डोंगराच्या मुळाशी

पुढचा उपाय उघड होता : चढूच नये. माथ्याजवळ छोटा बोगदा खणण्याऐवजी पायथ्यापाशी लांब बोगदा खणायचा. 1992 मध्ये स्विस मतदारांनी आल्प्सखालच्या नव्या रेल्वेमार्गांना सार्वमताने मंजुरी दिली. दोन वर्षांनी दुसऱ्या सार्वमतात त्यांनी आल्प्स ओलांडणारी मालवाहतूक रस्त्यावरून रुळांवर नेण्याची तरतूद थेट राज्यघटनेत घातली. तेव्हा हे नवे बोगदे प्रवाशांची वेळ वाचवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मालगाड्यांसाठी आहेत.

गॉटहार्ड बेस टनेल उत्तरेला एर्स्टफेल्डपाशी सुरू होतो आणि दक्षिणेला बोदिओपाशी संपतो. लांबी 57.1 किलोमीटर, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. जाण्या-येण्यासाठी दोन स्वतंत्र नळ्या आहेत आणि सुमारे दर 325 मीटरवर त्या आडव्या वाटांनी जोडल्या आहेत, म्हणजे एकीत आग लागली तर माणसं दुसरीत जाऊ शकतील. डोक्यावर काही ठिकाणी दोन किलोमीटरहून जाड खडक आहे. त्या खोलीवर खडकाचं तापमान 46 अंशांपर्यंत जातं, म्हणून काम चालू असताना आत थंड हवा आणि थंड पाणी अखंड सोडावं लागे. 2 कोटी 82 लाख टन दगड बाहेर काढला. नऊ कामगारांचा जीव गेला. 15 ऑक्टोबर 2010 रोजी पहिल्या नळीची दोन टोकं भिडली तेव्हा आडवा फरक होता 8 सेंटिमीटर आणि उभा 1. उद्घाटन 1 जून 2016 ला झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरपासून नेहमीच्या गाड्या धावू लागल्या.

या सगळ्याचं सार एका आकड्यात आहे : 549 मीटर. नव्या मार्गाचा बोगद्यातला माथा एवढाच. जुन्या माथ्याहून सहाशे मीटर खाली. झुरिकहून निघालेल्या गाडीला आता जेमतेम दीडशे मीटर चढायचं असतं. वळणं नाहीत, चढ नाही, म्हणून प्रवासी गाडी ताशी 200 किलोमीटरने जाते आणि 57 किलोमीटरचा डोंगर साधारण वीस मिनिटांत संपतो.

पलीकडे बेलिंझोना आणि लुगानो यांच्यामध्ये चेनेरीचा डोंगर उरला होता. त्याखालचा 15.4 किलोमीटरचा बोगदा 2020 च्या सप्टेंबरात खुला झाला आणि डिसेंबरच्या वेळापत्रकात आला.

मिनिटं कुठे जातात

आता गाडीतच बसू आणि सव्वातीन तासांचे तुकडे करू.

झुरिकहून सुटलेली गाडी त्सुग आणि आर्त-गोल्डाऊ ही शहरं मागे टाकत सरोवरांच्या कडेने एर्स्टफेल्डकडे जाते. हा भाग रमणीय आणि बऱ्यापैकी संथ, कारण रूळ जुने आहेत आणि पाण्याच्या काठाने वळत जातात. मग बोगदा. बाहेर येता तेव्हा पाट्या जर्मनऐवजी इटालियनमध्ये आणि उतारांवर चेस्टनटची झाडं. देश मात्र अजून स्वित्झर्लंडच. बेलिंझोना, मग चेनेरीचा बोगदा, आणि निघाल्यापासून दोन तासांच्या आत-बाहेर लुगानो.

प्रवासाचा आल्प्स म्हणावा असा सगळा भाग इथे संपला. उरलं ते लुगानो ते मिलान, सत्तर-ऐंशी किलोमीटर. त्याला लागतो सव्वा तास किंवा थोडा अधिकच. ज्या गाडीने आल्प्सखालचे 57 किलोमीटर वीस मिनिटांत कापले, तिला त्यानंतरच्या सपाट मुलखात एवढा वेळ का?

याची तीन कारणं. पहिलं, नवा मार्ग लुगानोपाशीच संपतो. तिथून सरहद्दीपर्यंत गाडी एकोणिसाव्या शतकातल्या रुळांवरून, सरोवराला वळसे घालत जाते. दुसरं, कियासोची सरहद्द. स्वित्झर्लंडच्या तारांमध्ये 15,000 व्होल्टची एकदिश नसलेली, म्हणजे प्रत्यावर्ती वीज असते. इटलीच्या या मार्गावर 3,000 व्होल्टची एकदिश. दोन्ही पेलणाऱ्या गाड्या आहेत, त्यामुळे इंजिन बदलावं लागत नाही, पण थांबा घ्यावा लागतो, आणि सीमाशुल्काचे किंवा पोलिसांचे अधिकारी कधी कधी डब्यात चढतात. तिसरं कारण सर्वांत ठाम : कोमो ते मोंझा ते मिलान या पट्ट्यात रुळांवर गर्दी आहे. मिलानच्या लोकल गाड्या, मालगाड्या आणि ही लांब पल्ल्याची गाडी त्याच मार्गावर. पुढे लोकल असेल तर मागच्या गाडीचा वेग लोकलचाच.

म्हणून बेस टनेल बांधताना झुरिक–मिलान तीन तासांवर आणण्याची जी भाषा होती, ती अजून पुरी उतरलेली नाही. 216 किलोमीटरच्या सरळ अंतराला सव्वातीन तास, म्हणजे ताशी 66 किलोमीटर. रेल्वेच्या जाहिरातीत 200 चा आकडा असतो आणि तोही खराच असतो. पण तो वाटेतल्या एका तुकड्याचा. प्रवास कमाल वेगाने संपत नाही. सर्वांत संथ तुकडा किती लांब आहे, त्यावर तो संपतो.

वेळापत्रकाचीही यात एक बाजू आहे. स्वित्झर्लंडमध्ये गाडी किती वेगाने जाऊ शकते हे पाहून वेळ ठरत नाही. मोठ्या स्थानकांवर ठरावीक मिनिटाला अनेक दिशांच्या गाड्या एकत्र याव्यात, प्रवाशांनी फलाट बदलावा आणि काही मिनिटांत सगळ्या पुन्हा पांगाव्यात, अशी घडी तिथे बसवलेली आहे. दोन केंद्रांमधला प्रवास त्या घडीत बसेल एवढा वेगवान हवा. त्याहून पाच मिनिटं लवकर पोहोचून उपयोग नाही, कारण पुढची गाडी त्याच वेळेला सुटणार. तेव्हा छापील वेळेत थोडी राखीव मिनिटंही असतात. गाडी उशिरा सुटून वेळेवर पोहोचते ती त्यांच्याच जिवावर.

मोटारीचे साडेतीन तास

फोनवरचा नकाशा मोटारीला सव्वातीन-साडेतीन तास दाखवतो. तो आकडा रिकाम्या रस्त्याचा किंवा त्या क्षणीच्या रहदारीचा. स्विस महामार्गावर कमाल वेग ताशी 120 किलोमीटर, इटलीत 130. वाटेत गॉटहार्डचा मोटारबोगदा लागतो : 16.9 किलोमीटर, 1980 मध्ये खुला झालेला. आत ताशी 80 ची मर्यादा आहे, म्हणजे बोगदा पार करायला तेरा मिनिटं.

पण बोगद्यात शिरायला किती, हा खरा प्रश्न. दोन्ही बाजूंनी चार पदरी महामार्ग येतो आणि बोगद्यात जाण्याला एक, येण्याला एक असे दोनच पदर उरतात. 2001 मध्ये दोन ट्रकांच्या टकरीनंतर आत आग लागून 11 जण दगावले. तेव्हापासून ट्रक सिग्नलवर मोजून, अंतर राखून आत सोडतात. ईस्टर, पेंटेकॉस्ट आणि जुलै-ऑगस्टच्या शनिवारी उत्तरेच्या तोंडाशी दहा-पंधरा किलोमीटरची रांग लागणं नेहमीचं. तिथे एक ठोकताळा चालतो : रांगेचा एक किलोमीटर म्हणजे साधारण दहा मिनिटं. रेडिओवर दहा किलोमीटर ऐकलं की प्रवासात एक तास चाळीस मिनिटं वाढवायची. दुसऱ्या नळीचं काम चालू आहे. पण ती झाली तरी राज्यघटनेतल्या तरतुदीमुळे प्रत्येक नळीत वाहतुकीचा एकच पदर ठेवायचं ठरलं आहे. सुरक्षितता वाढेल, रांग तेवढी घटणार नाही.

उन्हाळ्यात खिंडीवरचा जुना रस्ता उघडा असतो आणि पूर्वेला सान बर्नार्दिनोचा पर्यायही आहे. दोन्ही रस्ते लांब, पण रांग लागली असेल तर कधी कधी लवकरचे. खर्चात स्विस महामार्गाचा 40 फ्रँकचा वार्षिक परवाना, इटलीतला टोल आणि मिलानमधलं पार्किंग धरायला हवं.

पंचावन्न मिनिटांचं विमान

विमानाचा पंचावन्न मिनिटांचा आकडा सर्वांत आकर्षक आणि सर्वांत अपुरा. ही वेळ एका विमानतळावर विमान जागेवरून हलतं तिथपासून दुसऱ्या विमानतळावर ते जागेवर थांबतं तिथपर्यंतची. धावपट्टीपर्यंतचं सरपटणंही तिच्यातच. हवेत राहण्याचा वेळ त्याहून कमी.

आता टोकं बदलून मोजू. झुरिक मुख्य स्थानकापासून विमानतळापर्यंत गाडी आणि चालणं मिळून पंधरा मिनिटं. विमान सुटण्यापूर्वी दीड तास. विमान पंचावन्न मिनिटं. उतरून सामान घेऊन बाहेर पडायला पंचवीस. मिलानचं मोठं विमानतळ माल्पेन्सा शहरापासून सुमारे 50 किलोमीटरवर. गाडीची वाट दहा मिनिटं आणि मध्यवर्ती स्थानकापर्यंत पन्नास. बेरीज होते चार तास पाच मिनिटं. आगगाडीपेक्षा पन्नास मिनिटं जास्त, आणि त्यात पाच वेळा उठबस. मिलानहून पुढे दुसरं विमान पकडायचं असेल तर गणित वेगळं. शहरातून शहरात जायचं असेल तर विमान इथे हरतं.

आकडा वाचताना

या सगळ्यातून हाताशी येतात ते तीन प्रश्न. हा आकडा कुठल्या टोकापासून कुठल्या टोकापर्यंतचा? वाटेतला सर्वांत संथ तुकडा कोणता? आणि नेहमीसारखं काही घडलं नाही तर दुसरी वाट आहे का?

तिसरा प्रश्न चैनीचा वाटेल, पण त्याचं उत्तर 10 ऑगस्ट 2023 ला मिळालं. बेस टनेलमध्ये एका मालगाडीच्या डब्याचं चाक तुटलं, डबे रुळांवरून घसरले आणि किलोमीटरच्या किलोमीटर रुळांची नासधूस झाली. बोगदा पूर्ण क्षमतेने सुरू व्हायला 2 सप्टेंबर 2024 उजाडला. त्या वर्षभरात बहुतेक प्रवासी गाड्या जुन्या घाटमार्गावरून वळवल्या गेल्या आणि प्रवासात सुमारे एक तासाची भर पडली. दोन शहरं जागची हलली नव्हती. 1882 चा मार्ग मोडीत काढला नव्हता म्हणून निदान तासाभरावर भागलं.

महाराष्ट्रातून जाणाऱ्याला या प्रवासात काही गोष्टी सोयीच्या आहेत. दोन्ही देश शेंगेन गटात असल्याने एकच व्हिसा पुरतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसल्याने सीमाशुल्काची तपासणी मात्र होऊ शकते, तेव्हा पासपोर्ट पेटीच्या तळाशी ठेवू नये. चलन कियासोपाशी फ्रँकचं युरो होतं. घड्याळ बदलायचं नाही. दोन्हीकडे वेळ एकच, भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे. मिलानहून त्याच दिवशी फ्लोरेन्स किंवा रोमची गाडी पकडायची असेल, तर मध्ये तासभर तरी मोकळा ठेवावा. शेवटच्या टप्प्यातली गर्दी वर सांगितलीच आहे.

आणि घाई नसेल तर जुन्या मार्गावरून अजूनही गाड्या जातात, झुरिकहून थेट बेलिंझोनाच्या दिशेने. वासेनचं चर्च त्यांच्यातूनच तीनदा दिसतं. पुढे लुगानो-मिलानसाठी गाडी बदलावी लागते. तासाभराने उशीर होईल. नव्या मार्गाने गेलात तर आल्प्सचा मुख्य भाग वीस मिनिटांच्या अंधारात निघून जातो, हे तिकीट काढण्यापूर्वी ठाऊक असलेलं बरं. लवकर पोहोचायचं की डोंगर पाहायचा, हे एकदा ठरलं की कुठला आकडा आपल्या कामाचा ते आपोआप कळतं.